तळ्याचं तापमान आणि तळ्यातले किडे: मुंबईत सुरुवात करणाऱ्यांसाठी

तळ्यातल्या किड्यांवरची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली असतात. इंग्लंड, कॅनडा, उत्तर युरोप. त्यात बर्फ असतो, वसंतात तापणारं पाणी असतं, आणि कुठल्या महिन्यात कुठला किडा बाहेर पडतो याची यादी असते. मुंबईतला नवखा माणूस ती यादी घेऊन पवईला किंवा आरेला जातो आणि गोंधळतो, कारण इथे त्यातलं काहीच वेळेवर घडत नाही. पुस्तक चुकीचं नसतं. ते वाचताना एवढंच धरून चालायचं, की तिकडे तळ्याचं दार हिवाळ्यात बंद होतं आणि आपल्याकडे ते एप्रिल-मे महिन्यांत बंद होतं. बंद काळ काढायच्या किड्यांच्या युक्त्या मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच आहेत. हे डोक्यात ठेवून थर्मामीटर हातात घेतला, तर थंड देशातलं पुस्तकही इथे उपयोगी पडतं.

आधी थंड तळं समजून घ्या

पाणी सर्वांत जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की ते पुन्हा हलकं होतं, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी उरतं. बाहेर उणे २० असलं तरी तळाच्या चिखलात गोठणबिंदूच्या वर तापमान राहतं आणि तिथे किडे जिवंत असतात. थंड प्रदेशातल्या खोल तळ्यांचं सगळं वर्ष या एका गोष्टीवर चालतं. शरदात वरचं पाणी थंड होत ४ अंशांपर्यंत आलं की ते खाली जातं, वाऱ्याने सगळं तळं ढवळून निघतं आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. बर्फ वितळल्यावर वसंतात पुन्हा तेच. मधल्या उन्हाळ्यात वर कोमट पाणी, खाली थंड पाणी असे थर पडतात आणि महिनोन्‌महिने एकमेकांत मिसळत नाहीत.

किडे या काळाला चार तऱ्हांनी तोंड देतात. काही अंड्याच्या रूपात थांबतात. लेस्टेस गटातल्या टाचण्या, म्हणजे चतुरांची बारीक, नाजूक भावंडं, पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालतात आणि ती हिवाळाभर तशीच राहतात. काहींची पिल्लं बर्फाखाली हळूहळू जगतात. उत्तरेकडच्या एश्ना गटातल्या मोठ्या चतुरांना पिल्लाचा प्रौढ होईपर्यंत अनेक वर्षं लागतात, कारण वाढीला पुरेल इतकं ऊबदार पाणी वर्षातून थोडेच महिने मिळतं. काही प्रौढ म्हणूनच हिवाळा काढतात. युरोपातली सिम्पेक्मा फुस्का ही टाचणी पंख मिटून झुडपांत बसून राहते. आणि काही सरळ उडून जातात. उत्तर अमेरिकेतला ॲनॅक्स ज्युनियस हा हिरवा चतुर शरदात दक्षिणेकडे स्थलांतर करतो.

अंडं, सावकाश वाढणारं पिल्लू, दम धरणारा प्रौढ, स्थलांतर. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुंबईच्या तळ्यात तुम्हाला हेच चार शोधायचे आहेत, फक्त थंडीच्या जागी कोरड घालून.

जागा निवडणं

पहिल्या वर्षी दोनच जागा घ्या: एक वर्षभर पाणी असणारी, एक पावसाळ्यापुरती. याहून जास्त घेतल्या तर नोंदी तुटतात. मी भेटेल त्या प्रत्येक नवख्याला हेच सांगते.

बारमाही पाण्यासाठी माहीम-सायनजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान चांगलं. पूर्वीच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं हे रान आहे आणि तिथे पाण्याच्या काठाशी निवांत बसता येतं. घराजवळच्या बागेतलं कमळाचं कुंडही चालेल. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९१) ही तिन्ही माणसांनी बांधलेली तळी. त्यातली पहिली दोन पिण्याच्या पाण्याची, तिथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. पवईला काठावरून पाहा, पण पाण्यात हात-पाय घालू नका. तिथे मगरी आहेत, आणि त्या खरोखर काठाशी येतात.

पावसाळी जागेसाठी कान्हेरीच्या लेण्यांसारखी जागा मुंबईत दुसरी नाही. बहुतेक लेण्यांशेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. त्याशिवाय उघड्या कातळावर पावसाचं पाणी साचून लहान-मोठी डबकी तयार होतात. राष्ट्रीय उद्यानात काहीही पकडायला, उचलायला परवानगी लागते, म्हणून तिथे फक्त डोळ्यांनी आणि कॅमेऱ्याने काम करा. तापमान मोजायला हरकत नाही, पण पहाऱ्यावरच्या माणसाला आधी सांगून ठेवलेलं बरं.

सामान

ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही. तो साधारण ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही. पाऱ्याचाही नको, फुटला तर पारा पाण्यात जातो. मत्स्यटाकीसाठी मिळतो तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मत्स्यटाकीच्या दुकानांत मिळतो. वायर निदान एक मीटर लांब हवी.

घरी आणल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. स्टीलच्या पेल्यात बर्फ बारीक ठेचून भरा, बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला, चमच्याने ढवळत राहा आणि टोक मधोमध धरा. पाच मिनिटांनी ०.० दिसायला हवं. ०.८ दिसलं तर तुमचा थर्मामीटर ०.८ ने जास्त सांगतो. तो आकडा त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा आणि दर नोंदीतून वजा करा. ही दहा मिनिटं कुणी टाळू नयेत. स्वस्त थर्मामीटर एखाद-दीड अंशाने सहज चुकतात, आणि आपल्याकडे तळ्याचं तापमान महिन्या-महिन्यांत तेवढंच बदलतं.

बाकी सामान घरातलंच. चहाची मोठी गाळणी, काठीला घट्ट बांधलेली. आइस्क्रीमचा पांढरा डबा. पांढऱ्या तळावर किडे लगेच दिसतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग. पेन्सिल, कारण पेनची शाई पावसात पसरते. आणि पातळ दोरीवर दर २० सेंटिमीटरला गाठ मारून टोकाला बांधलेला दगड, खोली मोजायला.

तापमान मोजायचं कसं

नुसतं "तळ्याचं तापमान २९" असं लिहिलं तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. कुठलं पाणी, किती वाजता, किती खोल, हे हवं. दर वेळी चार आकडे घ्या: सावलीतल्या हवेचं तापमान, काठाशी बोटभर खोल पाण्याचं, अर्ध्या मीटरवरचं, आणि तळाशी टेकवून. वायर काठीला बांधून आत घाला, हाताने नको. टोक निदान दोन मिनिटं स्थिर ठेवा. सूर्य थेट टोकावर पडत असेल तर अंगाची सावली करा.

वेळ ठरलेली ठेवा. जमलं तर एकाच दिवशी सकाळी ७ आणि दुपारी ३. रोज नाही जमणार, पण पंधरा दिवसांतून एक रविवार असा काढता येतो.

या दोन वेळांतच मुंबईच्या तळ्याचं गुपित आहे. थंड देशातलं खोल तळं उन्हाळाभर थरांत विभागलेलं राहतं, तर आपली उथळ तळी रोज दुपारी थरांत विभागतात आणि रोज रात्री पुन्हा मिसळतात. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दुपारी वरचा बोटभर थर अंगाला गरम लागतो आणि तळाशी हात नेला तर पाणी स्पष्टपणे गार असतं. रात्री वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, आणि पहाटे वर-खाली आकडे जवळपास सारखे येतात. जुलैच्या ढगाळ आठवड्यात तर दुपारीही फरक पडत नाही; हवा, काठ, तळ सगळं एक-दोन अंशांत. पहिल्यांदा हे स्वतःच्या वहीत उतरलेलं दिसतं तेव्हा फार आनंद होतो.

प्राणवायूचा हिशोब

कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ४ अंशांच्या गोड्या पाण्यात दर लिटरला साधारण १३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९, ३० अंशांना साडेसात. आणि किड्यांच्या शरीराची भूक मात्र तापमानाबरोबर वाढत जाते. म्हणजे थंड तळ्यात पुरवठा भरपूर आणि मागणी कमी, आपल्याकडे उलट. बर्फाखालीही प्राणवायू संपू शकतो, बर्फावर हिम साचून उजेड बंद झाला तर. आपल्याकडे तो संपतो पहाटे, कारण रात्रभर वनस्पती आणि शेवाळंही तोच वापरतात, आणि अन्न किंवा निर्माल्य सडत असेल तर आणखी लवकर. पितृपक्षानंतर वाळकेश्वरच्या बाणगंगेत मासे मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामागे हाच हिशोब असतो.

तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर पाणभुंगा शोधा. काळपट, गुळगुळीत, लांबट गोल. तो शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढतो, पंखांच्या टणक कवचाखाली हवा भरून घेतो आणि बुडी मारतो. मागे चकाकता बुडबुडा दिसतो. या बुडबुड्यातला प्राणवायू तो वापरतोच, शिवाय भोवतीच्या पाण्यातला प्राणवायू बुडबुड्यात झिरपत राहतो, त्यामुळे बरोबर नेलेल्या हवेपेक्षा जास्त वेळ पुरतो. थंड पाण्यात भूक इतकी कमी आणि प्राणवायू इतका जास्त असतो, की काही पाणभुंगे बर्फाखाली दीर्घकाळ राहू शकतात. आपल्या तळ्यात घड्याळ लावून बसा आणि एकाच भुंग्याच्या दोन बुड्यांमधला वेळ मोजा, जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी. वहीतला हा माझा सर्वांत आवडता रकाना आहे.

किडे ओळखायला सुरुवात

तळ्याशी पोचल्यावर पहिली दहा मिनिटं गाळणी घालू नका. सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. आधी पृष्ठभाग: लांब पायांवर सरकणाऱ्या पाणनिवळ्या. मग पृष्ठभागाच्या खालची बाजू: डासांच्या अळ्या. शरीर पाण्याला समांतर ठेवून पडलेली असेल तर ॲनोफिलिस, डोकं खाली करून तिरकी लटकलेली असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. मग मधलं पाणी. तिथे उताणा पोहणारा, चंदेरी दिसणारा ॲनिसॉप्स दिसेल. लांब मागच्या पायांनी वल्ही मारत तो येतो आणि मध्येच, ना वर ना खाली, अधांतरी थांबतो. हे त्याला जमतं कारण त्याच्या शरीरात आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन असतं. त्यातला प्राणवायू थोडा थोडा सोडून तो पोटाजवळच्या हवेचा बुडबुडा, म्हणजे पर्यायाने स्वतःचं वजन, तोलून धरतो.

मग तळ. गाळणी चिखलावरून अलगद फिरवा, डब्यात थोडं पाणी घेऊन त्यात उलटी करा आणि वाट पाहा. चिखल बसला की हालचाल सुरू होते. तांबड्या, बारीक, वळवळणाऱ्या अळ्या म्हणजे कायरोनोमिड माश्यांच्या. त्यांचा लाल रंगही हिमोग्लोबिनचा, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात तो कामी येतो. मागे श्वासाची लांब नळी असलेला, पानाच्या काडीसारखा दिसणारा तो पाणविंचू. त्याला बोटाने धरू नका, तोंडाची सोंड चांगलीच टोचते. पाणढेकणाचंही तसंच.

चतुराचं पिल्लू मातकट, बसकं, सहा पायांचं. टाचणीचं पिल्लू बारीक आणि मागे तीन पानांसारखे कल्ले असलेलं. डब्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणालाही ठेवू नका, उन्हात डब्यातलं पाणी बघता बघता तापतं. जिथून काढलं तिथेच सोडा.

पण पिल्लं धरण्याहून चांगला पुरावा आहे कात. प्रौढ व्हायच्या वेळी पिल्लू पाण्याबाहेर गवताच्या पात्यावर किंवा भिंतीवर चढतं, पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. रिकामी कात तिथेच चिकटून राहते. भिंगाखाली धरा: पाठीवरच्या चिरेतून पांढरे दोरे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचं आतलं अस्तर. चतुराने तेही कपड्यासारखं उलटून मागे टाकलेलं असतं. कात सापडली म्हणजे हा चतुर याच पाण्यात वाढला हे नक्की. नुसता उडणारा चतुर दिसणं हा तसा पुरावा नव्हे. चतुर चकाकत्या गाडीच्या बॉनेटवरही शेपूट टेकवून अंडी घालायला पाहतात, कारण त्यावरून येणारा प्रकाश त्यांना पाण्यासारखाच भासतो. गाड्यांच्या गर्दीत हे पाहताना मला दर वेळी वाईट वाटतं.

मुंबईचं वर्ष

मोसमी पावसाची मुंबईतली सरासरी तारीख ११ जून, परतीची ८ ऑक्टोबर. तुमची वही जूनमध्ये सुरू करा, जानेवारीत नको. पहिल्या सरींनी कातळावरची डबकी भरली की तारीख टाका आणि त्या दिवसापासून मोजायला लागा.

सर्वांत आधी येतात ते अंडी घेऊन थांबलेले. एडिस डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. कॅनडात बर्फ वितळलेल्या डबक्यांत जे डास शून्याच्या थोड्याच वर असलेल्या पाण्यात जन्म घेतात, त्यांची युक्ती हीच. मग रात्री उडत येतात पाणभुंगे आणि ॲनिसॉप्स, बारमाही पाण्यात उन्हाळा काढलेले प्रौढ. जूनच्या रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली काळे, गुळगुळीत भुंगे पडलेले दिसतात ते बऱ्याचदा हेच.

जुलै-ऑगस्टमध्ये पँटाला फ्लॅवेसेन्स हा पिवळसर चतुर मोकळ्या जागांवर थव्याने घिरट्या घालतो. त्याचं पिल्लू साधारण दीड ते दोन महिन्यांत प्रौढ होतं. इंग्लंडमधल्या ॲनॅक्स इम्परेटरला याच कामाला सहसा दोन वर्षं लागतात. हा फरक समजायला वाढीचा हिशोब मांडून पाहा. समजा १० अंशांच्या खाली पिल्लाची वाढ थांबते. मग १५ अंशांच्या पाण्यात रोज ५ अंश वाढीच्या खात्यात जमा होतात, २७ अंशांच्या पाण्यात १७. साठ दिवसांत इथे १०२० जमा झाले. तिकडे तेवढ्यालाच २०४ दिवस लागतील, आणि इतका लांब ऊबदार काळ तिथे नसतोच. प्रत्येक जातीची ही खालची मर्यादा वेगळी असते, आणि वरचीही असते; पाणी फार तापलं तर वाढ बिघडते. पण थंड देशातलं पुस्तक वाचताना हा हिशोब जवळ असला की तिकडची वर्षं इकडच्या आठवड्यांत उतरवता येतात.

ऑक्टोबर चुकवू नका. पाऊस थांबतो, ऊन तापतं, डबकं आटायला लागतं, आणि जितकं उथळ तितकं जास्त तापतं. ज्यांची वाढ पुरी झाली ते काती सोडून निघतात. दर चार दिवसांनी खोली आणि तापमान दोन्ही मोजा, काती मोजा. पँटाला तेव्हा शहरातून विरळ होतो. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे समुद्र ओलांडत असावेत असं सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. मालदीवमध्ये ते ऑक्टोबरपासून दिसू लागतात.

थंडी इथे नावापुरतीच. सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, २७ जानेवारी १९६२ चं; एरवी तिथे १५-१६ म्हणजे गार. तरीही पहाटेचं उथळ पाणी वीसच्या आसपास येतं आणि पिल्लं मंदावतात. गाळणीत तीच तीच, त्याच आकाराची पिल्लं पुन्हा येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तापू लागलं की आकार भराभर वाढताना दिसतो. थंड देशातल्या वसंताची ही आपली छोटी आवृत्ती, आणि ती फक्त बारमाही पाण्यातच पाहायला मिळते.

एप्रिल-मेमध्ये कोरड्या डबक्यालाही जा. आकडा लिहायला पाणी नसलं तरी "कोरडं" ही नोंद आहे, आणि पुढच्या वर्षाशी तुलना करताना तीच लागते. बारमाही तळ्यात या दिवसांत ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी पंखांचा चतुर भरपूर दिसेल. घाण पाणीही त्याला चालतं.

घरात तळं करायचं असेल तर

गच्चीत टब ठेवून प्रयोग करावासा वाटतो, पण मुंबईत उघडं साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यू-मलेरियाला आमंत्रण. ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा शहरातला मलेरियाचा डास तर स्वच्छ पाण्याच्या टाक्यांतच वाढतो. उबदार पाण्यात डासाचं अंडं ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. तेव्हा टब दर आठवड्याला पूर्ण रिकामा करून घासायचा, नाहीतर त्यात गप्पी मासे सोडायचे. गप्पी सोडले की बाकीचे किडेही फारसे उरत नाहीत, हे मान्य करूनच सोडा. आणि तेच गप्पी नंतर कुठल्याही तळ्यात किंवा कातळावरच्या डबक्यात टाकू नका. तिथल्या पिल्लांना त्यांच्यापासून पळायला जागा नसते.

जपायच्या गोष्टी

पावसाळ्यात पायाला किंवा हाताला जखम असेल तर साचलेल्या पाण्याजवळ जाऊ नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबईत दर पावसाळ्यात आढळतो. गुडघाभर बूट, रबरी हातमोजे, घरी आल्यावर साबण. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. शेवाळलेल्या कातळावर एकटं जायचं नाही. गणपती विसर्जन झालेल्या तळ्यात पुढचे काही दिवस गाळणी घालू नका. फक्त तापमान आणि पाण्याचा गढूळपणा लिहा, तीही महत्त्वाची नोंद आहे.

हिवाळ्यात उत्तराखंडात ब्रह्मतालसारख्या ठिकाणी ट्रेकला जाणार असाल तर हाच थर्मामीटर बरोबर घ्या. बर्फावर पाऊल टाकून मध्यापर्यंत जायचं नाही. काठाशी बर्फ फुटून पाणी दिसत असेल तिथे वायर सोडा, एकदा बर्फाच्या लगेच खाली आणि एकदा जमेल तितक्या खोल. वरचा आकडा शून्याजवळ आणि खालचा त्याहून जास्त आला, की मुंबईच्या पानांशेजारी तोही तारखेसह लिहा. कातीचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवताना टिपणाच्या जागी पाण्याचं तापमान, वेळ आणि खोली घाला. फोटो पुष्कळ जण टाकतात, हे तीन आकडे फार थोडे जण देतात.